तिने मला कधी विचारलंच नाही

जसिंता गेल्याची बातमी मला बार असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. मी वसई कोर्टाच्या आवारात उभी राहून एका पक्षकाराला समजावत होते की, बाबा रे, सख्ख्या भावावर दावा लावायच्या आधी एकदा घरी आईशी बोलून घे. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. कुणीतरी काळ्या चौकटीत तिचा फोटो टाकला होता आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. फोटोही तो, हाताची घडी घालून काढलेला, जो तिला स्वतःला मुळीच आवडायचा नाही. खरं सांगते, मला रडू आलं ते संध्याकाळी. त्या क्षणी आला तो राग. तिच्या फर्ममधल्या सगळ्यांना पहाटेच फोन गेले होते, त्यांचे शोकसंदेश नीट शुद्धलेखन तपासून आले होते, आणि मी, तिच्याबरोबर एका टेबलावर वकिली शिकलेली बाई, मला ग्रुपवर कळावं... मी पक्षकाराला म्हटलं, "आज जा तू. उद्या ये." तो बिचारा घाबरून गेला.

मी पेडणेकर वकील. दिवाणी दावे चालवते, वाटण्या, वहिवाटी, बांध सरकवल्याची भांडणं. जसिंता म्हणजे निर्मळची, वसईतल्या त्या लॉ फर्मची संस्थापक, जी रस्ते, पूल, पाण्याच्या योजना, सांडपाणी आणि सरकारची धोरणं एवढंच काम करते. मुंबईचे लोक कामासाठी वसईला येतात, हा चमत्कार तिने करून दाखवला. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या बाईंनी मला सांगितलं, मैत्रिणीबरोबर तिच्या फर्मवरही लिहा. लिहिते, पण फर्मचं नाव लिहिणार नाही. वकिलांनी जाहिरात करायची नसते आणि जसिंता हा नियम सोवळ्यासारखा पाळायची. दुसरं कारण असं की त्या नावात माझं नाव नाही, त्यामुळे मला ते लिहायची हौसही नाही. आता निघालंच आहे तोंडातून तर पुरतं सांगून टाकते. मी तिच्यावर जळायचे. तिच्या यशावर नव्हे... हो, यशावरसुद्धा, पण त्याहून जास्त त्या फर्मवर. फर्म काढताना तिने मला 'तू येतेस का' असं विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही. का नाही विचारलं, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं, आणि आता ते तोंडच मिटलं.

निर्मळच्या चर्चमध्ये मिस्सा होती तेव्हा मी वेळेवर पोहोचले होते, तरी मला जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर. पहिल्या दोन बाकांवर घरची माणसं आणि त्यांच्या मागे सगळी फर्म, काळे कोट घालून. तीसएक वकील, एक इंजिनिअर, नगररचना शिकलेली एक मुलगी. शवपेटीवर तिच्याच वाडीतली फुलं होती. मिस्सा संपल्यावर निरंजन बोलायला उभा राहिला. निरंजन म्हणजे तिचा भागीदार, दादरचा, दिसायला देखणा आणि बोलायला त्याहून देखणा. "आमची जॅस," असं म्हणून त्याने सुरुवात केली आणि माझा तिळपापड झाला. जॅस म्हणे. तिला आई जसू म्हणायची, आणि त्यानंतर फक्त मी. मातीची मूठ टाकायला रांग लागली तेव्हा मी मुद्दाम मागे राहिले, म्हटलं सगळे होऊन जाऊ देत, मग मी एकटी टाकीन. तर फादर म्हणाले, "चला बाई, आटपा, ऊन वाढतंय." माझी मूठ घाईतच पडली.

आम्ही दोघी एकाच वर्षी सनद घेऊन ओक सरांच्या हाताखाली लागलो. पारनाक्याला एका बेकरीच्या वर सरांचं ऑफिस होतं. जागा इतकी कमी की दोघींत मिळून एक टेबल, आणि पावाची भट्टी खाली पेटली की वर आमचे कागद कोमट व्हायचे. मी कोकणातून आलेल्या नोकरदार घरातली, वडील मंत्रालयात कारकून. ती वाडीवाल्यांची, सकाळी फुलं खुडून, वेणी ओलीच ठेवून स्कूटरवरून यायची. घरी आईशी बोलताना ती त्यांच्या बोलीत शिरली की मला अर्धं कळायचं नाही, आणि तेवढ्यावरूनही मला वाटायचं, हिच्याकडे काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही. कामात मात्र सरांनी पहिल्याच महिन्यात आमची वाटणी करून टाकली होती. जसिंता लिहायची आणि मी वाचायचे. तिचा हात सुंदर. अर्ज असा लिहायची की वाचणाऱ्याने मान डोलवत शेवटपर्यंत जावं. आणि मी मुळातच खवट. मी वाचायला घेतलं की पहिल्या ओळीपासून भांडायला सुरुवात.

"'सर्व संबंधितांना कल्पना दिलेली आहे' म्हणजे कुणाला?" मी विचारायचे.

"गावाला, मंदे."

"गावाला म्हणजे कुणाला? माणसाचं नाव सांग. कुणी सांगितलं, कुठे उभं राहून सांगितलं?"

ती चिडायची, कागद ओढून घ्यायची, खाली जाऊन गरम पाव घेऊन यायची आणि खाता खाता ती ओळ पुन्हा लिहायची. सर म्हणायचे, "पेडणेकर, तू समोरच्या पक्षाचं वकीलपत्र घेऊन जन्माला आली आहेस." मला ते तेव्हा कौतुकच वाटायचं.

तिला तिचं काम सापडलं ते उमेळ्याच्या बाजूला एका रस्त्याच्या रुंदीकरणात. गावकऱ्यांनी ओक सरांना वकील केलं होतं आणि सरांनी सुनावणीला आम्हाला पाठवलं. अधिकाऱ्यांनी नकाशा भिंतीवर लावला, लाल रेघ दाखवली, रस्ता किती सुंदर होणार ते सांगितलं. मिठागराच्या अंगाची एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "रस्ता करा हो, पन आमचं पानी कुठनं जानार ते सांगा." नकाशावर पाणी नव्हतंच. साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, मग हाताखालच्याकडे, मग घड्याळाकडे. परत येताना जसिंता स्कूटर बाजूला घेऊन थांबली आणि मला म्हणाली, "मंदे, आपण दोन भावांची भांडणं लढतो. भांडण आधीच झालेलं असतं, आपण फक्त मढं उचलतो. हे कागद लिहितानाच कुणीतरी बरोबर बसायला पाहिजे." मी म्हटलं, "सरकार तुला बसवून घेईल का?" ती म्हणाली, "घेईल. नाही घेतलं तर कंत्राटदार घेईल, त्यालाच काम अडलेलं परवडत नाही." मला वाटलं, ऊन लागलंय हिला.

ऊन लागलं नव्हतं. पुढची काही वर्षं ती झपाटल्यासारखी शिकली. निविदेच्या अटी, भूसंपादनाचा कायदा, जलवाहिन्या, खाडीकाठचे निर्बंध. कुठल्याशा परिसंवादात तिला निरंजन भेटला. एका दुपारी कोर्टातून परतताना मी तिच्या मागे बसलेली असताना ती म्हणाली, "निरंजनबरोबर फर्म काढतेय गं. इथेच, वसईत." मी म्हटलं, "वा." आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. पुढचं वाक्य काय असायला हवं ते मला पाठ होतं. मी मनात उत्तरही तयार केलं, थोडे आढेवेढे घेऊन मग हो म्हणायचं. पेट्रोल पंप आला. ती म्हणाली, "उतर जरा, टाकी भरते." हेच ते पुढचं वाक्य. मी उतरले. नळी टाकीत जाताना बघत उभी राहिले आणि मग परत मागे बसले. त्या दिवसापासून मी ती वाट पाहत होते, असं म्हणायला हरकत नाही.

उद्घाटनाला फादरांनी प्रार्थना केली, निरंजनच्या आईने नारळ फोडला, केकही कापला. मी नवी साडी नेसून गेले होते. जसिंता धावत माझ्याकडे आली, दोन्ही हात धरले, आणि मला वाटलं, आता विचारणार. म्हणाली, "मंदे, तू घरचीच आहेस. जरा पाहुण्यांकडे बघशील? सँडविच कमी पडतील असं वाटतंय." घरचीच म्हणून मी तासभर लोकांना प्लेटा वाटल्या. एका गृहस्थांनी मला केटरिंगवाल्या बाई समजून चटणी मागितली. ती मी दिलीही.

मग फर्म वाढली. दोन खोल्यांची चार झाली, चाराचा एक मजला झाला, स्टेशनच्या बाजूला काचेच्या इमारतीत गेली. तिथली एक रीत मला मान्य करावीच लागते. नवा वकील लागला की त्याने आधी जागेवर जायचं. ज्या रस्त्याचं काम असेल तो चालायचा, ज्या नाल्याचं असेल त्याच्या कडेने जायचं, आणि आल्यावर आधी बूट दाखवायचे. बूट स्वच्छ असले की जसिंता त्याला कागदाला हात लावू द्यायची नाही. सरकारने कुठल्या नियमाचा मसुदा काढला की फर्मच्या हरकती-सूचना जायच्याच, मागितल्या असोत नसोत. मी तिला टोचायचे. "कंत्राटदारांची कामं घेतेस तू. ओक सर असते तर..." ती शांतपणे म्हणायची, "घेते. रस्ता लोकांनाच हवाय. फक्त कागद असा करते की मागून कुणी रडत तुझ्याकडे येऊ नये. तुझा धंदा बसवतेय मी, मंदे." आणि हसायची. मलाही हसू यायचं, आणि घरी आल्यावर त्याच वाक्यावर मी जळत बसायचे. आमचे विश्वास म्हणायचे, "घरात सिलिंडरची गरज नाही. शेगडीवर नुसतं तुला बसवलं तरी भात होईल."

शनिवारी ती आमच्याकडे यायची. बरोबर वाडीतली केळ्यांची फणी, कधी पडवळ, कधी मोगरा. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहायची आणि सुरू करायची, "समज, एक माणूस आहे. त्याच्या विहिरीजवळून पाइपलाइन जातेय. त्याला कागदोपत्री सगळं मिळालंय. तो काय म्हणेल?" मला वाटायचं ही मोठेपणा सांगायला आलीय, बघ माझ्याकडे कसली कसली कामं येतात. मग मीही सोडायचे नाही. "काय म्हणेल म्हणजे? कागदावर त्याची विहीर आहे का? उन्हाळ्यात आटली तर जबाबदार कोण? त्याची बायको पाणी भरायला कुठे जाईल, तुझ्या काचेच्या इमारतीत?" अशी तासभर माझी तोफ चालायची. ती डोळे मिटून ऐकायची, मध्येच एखादी भाकरी परतायची, आणि जाताना म्हणायची, "बरं वाटलं गं भांडून." तिला बरं वाटायचं, माझं डोकं चढायचं. विश्वास विचारायचे, तुम्ही गप्पा मारता की खटला चालवता?

आणि मग तिने माझी स्नेहल नेली. स्नेहल ही माझी ज्युनिअर, होळी गावची, भाजीवाल्यांची मुलगी. हाताला धरून शिकवलेली. पेढे घेऊन आली आणि मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, जसिंता मॅडमनी बोलावलंय." मी म्हटलं, "जा, जा. सगळेच जा." म्हणजे माझ्या टेबलाच्या ड्रॉवरापर्यंत हिचा हात येतो, फक्त टेबलामागच्या बाईपर्यंत येत नाही. त्या शनिवारी मी जसिंताला चहासुद्धा विचारला नाही. "माझी माणसं बरी सापडतात तुला न्यायला," म्हटलं. ती म्हणाली, "तू शिकवलेली आहे, म्हणून तर घेतली." ते मला जखमेवर मीठ वाटलं. मी तोंड फिरवून भांडी घासत राहिले, आणि तिने स्वतःच चहा करून घेतला, माझाही केला.

दुखणं आलं ते पोटातलं, आणि फार पुढे गेल्यावर कळलं. मी रोज कोर्टातून हॉस्पिटलात जायचे. एक दिवस ठरवूनच गेले, आज विचारायचं. लाज कसली, वय झालं दोघींचं. ती उशीला टेकून बसली होती, मनगटं बांगडी उतरेल एवढी बारीक झाली होती. मी मोसंबं सोलत म्हटलं, "जसू, एक विचारू?" ती म्हणाली, "विचार की." मी तोंड उघडलं आणि दार उघडलं. निरंजन, हातात फाइल. "जॅस, फक्त दोन मिनिटं." आणि त्या बाईने, जिला घोटभर पाणी जात नव्हतं, तिने चष्मा मागितला. "थांब हं, मंदे," म्हणाली आणि वाचायला लागली. वाचताना तिच्या चेहऱ्यावर रंग आला... तो रंग माझ्या मोसंब्याने आला नव्हता. नर्स येऊन म्हणाली, वेळ संपली. निघताना जसिंता म्हणाली, "उद्या ये. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी तिला अतिदक्षता विभागात हलवलं होतं आणि आत सोडत नव्हते.

महिन्याच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात निरंजन माझ्याजवळ आला. "पेडणेकर मॅडम, ऑफिसला याल का? बोलायचं आहे." मी गेले. त्या काचेच्या इमारतीत मी तोवर फक्त पाहुणी म्हणून गेले होते, या वेळी बोलावणं होतं. त्याने मला जसिंताच्या केबिनमध्येच बसवलं. म्हणाला, "आम्हाला तुमची गरज आहे. सल्लागार म्हणून या. ही केबिन तुमची." खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका झाला की मी बोटांनी टेबलाची कड घट्ट धरली. मग लगेच वाटलं, पण हे वाक्य या माणसाच्या तोंडून नको होतं. ते पेट्रोल पंपावर यायला हवं होतं.

मी काही बोलणार एवढ्यात ऋतुजा नावाची एक तरुण वकील दारातून डोकावली. "सॉरी सर. विरारच्या नाल्याचा ड्राफ्ट आज जायचाय, पण मंदा राहिलीय."

"कोण राहिलीय?" मी म्हटलं.

"कोण नाही मॅडम, मंदा. आमची एक प्रोसेस आहे." मुलगी उत्साही होती, सांगत सुटली. "कुठलाही कागद ऑफिसबाहेर जायच्या आधी त्याची मंदा करतात. म्हणजे ज्याने लिहिला नाही अशा कुणीतरी तो पूर्ण विरोधात जाऊन वाचायचा, ज्याचं नुकसान होणार आहे त्याच्या बाजूने. प्रत्येक ओळीला विचारायचं, कोण, कुणाचं, नाव सांग. मार्जिनमध्ये 'मं' लिहायचं. मंदा क्लिअर झाल्याशिवाय सही नाही."

"आणि मंदा म्हणजे काय?"

"मंद. स्लो रीडिंग. हळू वाचायचं, असं."

निरंजन हसला. "ऋतुजाची थिअरी आहे ती. एकाने तर त्याचा इंग्लिश फुल फॉर्म काढून ट्रेनिंगच्या स्लाइडवर टाकला होता. मला विचाराल तर तो त्यांच्या निर्मळकडच्या बोलीतला शब्द आहे. जॅस पहिल्या दिवसापासून वापरायची. तुम्ही इथल्याच ना मॅडम, तुम्हाला माहीत असेल."

कोर्टात मी पेडणेकर मॅडम. पाटीवर एम. व्ही. पेडणेकर. माझं नाव मंदाकिनी आहे हे वकीलपत्रावरसुद्धा कुणी वाचत नाही, आणि मंदा म्हणणारी आई गेली, ओक सर म्हणायचेच नाहीत, विश्वास 'अगं' वर भागवतात. मी म्हटलं, "नाही बाई. मला नाही माहीत." चहाच्या निमित्ताने मी उठले.

चहाच्या खोलीत स्नेहल उभी होती. माझ्याकडे बघूनच तिला कळलं असावं. तिने दार लोटून घेतलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्याच आठवड्यात कळलं, मॅडम. मी जाऊन विचारलं, हे आपल्या मॅडमचं नाव ना? तर म्हणाल्या, गप्प बस, तिला कळलं तर डोक्यावर बसेल." ती थोडी हसली, मग थांबली. "मी एकदा विचारलंही होतं त्यांना, की मग मॅडमना इकडेच का नाही आणत. त्या म्हणाल्या, ती बाहेर आहे म्हणून मंदा आहे. आत आली, महिन्याभर आपल्याबरोबर डबा खाल्ला, की तीही आपल्यासारखंच वाचायला लागेल. मग मी शनिवारी भांडायला कुणाकडे जाऊ?"

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि रडले. चांगली ढसाढसा रडले, मेलेल्या माणसासाठी नव्हे, रागाने. हे काय उत्तर झालं? मला काय हवं ते हिने परस्पर ठरवलं. माझं नाव घेतलंन, मला नाही घेतलंन. एवढी वर्षं माझ्या ओट्याशी उभी राहून माझं डोकं खाल्लंन, केळी ठेवलीन आणि निघून गेली, आणि इथे तीसएक माणसं दिवसातून दहादा मला हाका मारतायत आणि मी कोर्टाच्या झाडाखाली बसून जळतेय. एकदा सांगायचं होतंस, जसू. मी नाही बसले असते डोक्यावर. बसले असते कदाचित. पण सांगायचं होतंस.

स्नेहल पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिने चहा केला, मी प्यायले, तोंड धुतलं. मग जाऊन निरंजनला सांगितलं की केबिन मला नको, सल्लागार वगैरेही नको. तो गोंधळला. "मॅडम, पण का?" मी म्हटलं, "मी आत आले तर तुमच्या कामाची नाही उरणार. कागद घरी पाठवत जा. शनिवारी." त्याला काही कळलं नाही. स्नेहल मागे उभी होती, ती खाली बघत होती. मलाही हे बोलताना काही थोर वाटलं नाही, उलट अंगाचा जळफळाट झाला. मेल्यावरसुद्धा तिने मला बाहेरच ठेवलंन, आणि तेही माझ्याच तोंडून.

निघताना बाहेरच्या बाकावर ऋतुजा तोच नाल्याचा ड्राफ्ट घेऊन बसलेली दिसली. मंदा करायला कुणी मोकळं नव्हतं म्हणे. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "आण. मी करते." तिने आधी निरंजनच्या केबिनकडे पाहिलं, मग स्नेहलकडे. स्नेहलने मान हलवली. मी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बाकावर बसून वाचायला घेतलं. 'रहिवाशांना पर्यायी मार्ग उपलब्ध आहे.' कुठल्या रहिवाशांना? कुठला मार्ग? पावसात तिथे गुडघाभर पाणी असतं, तू गेली आहेस का? 'पुरेशी पूर्वसूचना देण्यात येईल.' कोण देईल? कुणाच्या हातात? म्हातारी घरात एकटी असेल तर वाचून कोण दाखवेल? समासात मी माझ्याच नावाचं पहिलं अक्षर काढत गेले. बऱ्याच दिवसांनी इतकं सुखाने भांडले. पानं लाल करून परत दिली तेव्हा माझी मान ताठ होती, लपवत नाही. म्हटलं, आता कळेल पोरीला, खरी मंदा कशाला म्हणतात.

ऋतुजाने सगळी पानं उलटून पाहिली. चांगल्या घरची मुलगी, आधी आभार मानले. मग जरा चाचरत म्हणाली, "छानच आहे, मॅडम. म्हणजे पहिल्यांदा करताय त्या मानाने खूपच छान. फक्त... जसिंता मॅडम मंदा करायच्या ना, ती अजून जहाल असायची. त्यांच्यासारखी मंदा इथे कुणालाच जमली नाही."

मी पिशवीतून चष्मा परत काढला, बाकावर बसले आणि हात पुढे केला.

"आण इकडे," मी म्हटलं. "पहिल्या पानापासून."